शेवटचं प्रकरण सोडून

धाकटीने आजवर बेचाळीस रहस्यकथा वाचल्या आहेत आणि त्यांतला एकही खुनी तिला ठाऊक नाही. वाचते ती मन लावून, एक ओळ न गाळता. पण शेवटी तो गोष्टीतला हुशार माणूस, म्हणजे कधी निवृत्त शिक्षिका, कधी केकवाली, कधी मांजरी पाळणारा वकील, सगळ्यांना एका खोलीत बसवतो आणि म्हणतो, "हे तुमच्यापैकीच एकाने केलं आहे." तिथे धाकटी पुस्तक मिटते आणि दुसऱ्या दिवशी वाचनालयात परत देऊन येते. तिथल्या बाई विचारतात, "कसं होतं?" ती म्हणते, "छान होतं." आणि ते खोटंही नसतं.

आता याला काय म्हणावं? आंबा खाऊन कोय टाकावी तशी ही बाई खुनीच टाकून देते. तिचं म्हणणं साधं आहे. दोनशे पानं ज्या माणसांबरोबर काढली, ज्यांच्या बागेत बसलो, ज्यांचा चहा प्यायलो, त्यांच्यातलं एक नासकं निघालेलं बघायचं कशाला? शेवट वाचला नाही की सगळे जिथल्या तिथे राहतात. पोस्टमास्तर शिक्के मारत राहतो, बेकरीवाली भट्टी पेटवत राहते, डोंगरावरून धुकं उतरत राहतं. धाकटीला वाटेल तेव्हा तिथे जाता येतं.

आणि ती जातेच. ती एका लाँड्रीत कामाला आहे. दुकानाच्या मागच्या भागात इस्त्रीची मोठी यंत्रं आहेत, दिवसभर वाफ सुटते, दुपारी झरोक्यातून ऊन आत आलं की ती वाफ पांढरी होऊन हवेत तरंगत राहते. धाकटीचं काम खिसे तपासायचं. आलेल्या प्रत्येक कपड्याचे खिसे उलटे करायचे, सापडेल ते खाकी पाकिटात घालायचं, पाकिटावर कपड्याचा नंबर लिहायचा. हात सवयीने चालतात आणि मन वाफेतून निघून कुठल्यातरी पुस्तकातल्या गावाला पोचलेलं असतं. खिशांत किल्ल्या निघतात, तिकिटं निघतात, गोळ्या निघतात आणि चिठ्ठ्या तर रोजच. घडी घातलेली चिठ्ठी तिने एकोणीस वर्षांत एकदाही उघडलेली नाही.

"एखादी तरी उघड गं," इस्त्रीवाले काका म्हणतात. "तेवढीच करमणूक."

"ज्याची घडी त्याने मोडावी, काका."

"तू देवाघरी गेलीस तरी दाराशीच उभी राहशील बघ. आत कोण आहे ते विचारायचीसुद्धा नाहीस."

रहस्यकथांच्या मधेमधे ती माहितीची पुस्तकं वाचते. फार जड नाही, झोप येता येता वाचावीत अशी. गेल्या वर्षात तिने मधमाश्यांवरचं एक वाचलं, ढगांना नावं कशी पडली त्याचं एक, दीपगृहात राहणाऱ्या माणसांचं एक, आणि माणूस जांभई का देतो यावरचं एक, जे वाचताना तिने इतक्या जांभया दिल्या की वहिनीने डॉक्टरकडे जा म्हणून सांगितलं. ही पुस्तकं मात्र ती शेवटच्या सूचीपर्यंत वाचते. ढगांमध्ये कुणी गुन्हेगार नसतो.

वहिनी म्हणजे दादाची बायको. तिघं एकाच घरात राहतात. दादा वजनकाटे दुरुस्त करतो, वहिनी घर बघते, धाकटी वरच्या खोलीत राहते. त्रेचाळीस वर्षांच्या बाईला धाकटी म्हणतात याचं आता कुणालाच काही वाटत नाही. वहिनी स्वभावाने मोकळी, थट्टेखोर, हाताला चव असलेली. एकच गोष्ट विचित्र. सासूच्या खोलीतलं कपाट ती एकटी कधी उघडत नाही. सासूला जाऊन आठ वर्षं झाली, पण अजूनही चादर काढायची असली तर ती हाक मारते, "कुणीतरी इकडे या गं, कपाट उघडायचंय." कुणीतरी जाऊन उभं राहतं, ती चादर काढते, दार लावते. घरात सगळे म्हणतात, तिची सवय आहे. धाकटीही तसंच म्हणते.

यंदा वहिनी न्हाणीघरात घसरली आणि सहा आठवडे पाय प्लॅस्टरमध्ये गेला. चार दिवसांत ती छताकडे बघून कंटाळली. "तुझ्या त्या खुनाखुनीच्या गोष्टी आण बघू," ती धाकटीला म्हणाली. धाकटीने आपल्या आवडीच्या तीन आणल्या. वहिनीने त्या आठवड्यात संपवल्या. रविवारी दुपारी खिडकीशी खुर्ची टाकून दोघी बसल्या होत्या. पडदा हलत होता, बाहेर कुणाचा तरी रेडिओ अगदी बारीक लागला होता.

"त्या हॉटेलवाल्या गोष्टीत," वहिनी म्हणाली, "तुला आधी कुणाचा संशय आला होता? मला तर त्या डॉक्टरचा."

"मला कुणाचाच नाही."

"आणि शेवटी तो निघाला तेव्हा?"

"कोण निघाला?"

वहिनीने तिच्याकडे निरखून पाहिलं. मग हळूहळू सगळं बाहेर आलं आणि वहिनी इतकी हसली की प्लॅस्टरच्या आत कळ आली. "बेचाळीस पुस्तकं! आणि एकाचाही पत्ता नाही! अगं धाकटे, तू वाचतेस की पुस्तकांना हवा दाखवून आणतेस?"

धाकटीही हसली. आपलं म्हणणं तिने सांगितलं, शेवट वाचला नाही की सगळे चांगलेच राहतात म्हणून.

वहिनीचं हसू जरा वेळाने थांबलं. मांडीवरच्या पुस्तकाचे कोपरे ती बोटाने सरळ करत होती. "चांगले कुठे राहतात?" ती म्हणाली. "या गोष्टीत ती खोल्या झाडणारी पोरगी आहे ना, सगळ्यांचा डोळा तिच्यावर. कुणी तोंडाने काही बोलत नाही, पण ती आली की पाकिटं आत जातात. शेवटच्या प्रकरणात सुटते बिचारी. तू ते वाचलंच नाहीस, म्हणजे तुझ्यापुरती ती अजून तशीच उभी आहे."

एवढं बोलून वहिनीने पुढचं पुस्तक उघडलं. तिने ते टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं, धाकटीला ते कळत होतं, आणि म्हणूनच ते जास्त लागलं.

चोवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. वहिनीला या घरात येऊन चार महिने झाले होते. आईकडे तिच्या माहेरचं, तिच्या वडिलांचं सोन्याचं हातघड्याळ होतं, कपाटात रुमालात गुंडाळून ठेवलेलं. मामा कायमचा परदेशी निघाला त्या दिवशी आई त्याला सोडायला बस थांब्यावर गेली. धाकटी तेव्हा एकोणीस वर्षांची. मामाची विसरलेली छत्री घेऊन ती मागून धावत गेली आणि वळणावर तिला दिसलं, आई रुमाल सोडून घड्याळ मामाच्या मुठीत देते आहे. मामा नको नको म्हणत होता आणि रडत होता. धाकटी थांबली. छत्री घेऊन परत आली.

आठवड्याने धाकटीच्या वडिलांनी सहज विचारलं, घड्याळ कुठे आहे. वडिलांचं आणि मामाचं हाडवैर. आई म्हणाली, "ठेवलं होतं. सापडत नाही." झालं. एक वाक्य. ते परत घ्यायला आईला तोंड राहिलं नाही आणि सगळं घर शोधायला लागलं. सगळ्यात जास्त शोधलं ते वहिनीने. पलंगाखाली शिरली, डब्यांतलं धान्य उपसलं, कोळिष्टकांनी केस माखून घेतले. आत्या घरी आली होती, ती एवढंच पुटपुटली, "चोराच्या मनात चांदणं." त्यावर ना आई काही बोलली, ना कुणी. दुसऱ्या दिवशी वडिलांनी कपाटाला कुलूप लावलं. कर नाही त्याला डर कशाला, असं म्हणतात. ही म्हण ज्याने केली त्याच्यावर कधी कुणी मुक्याने आळ घेतला नसावा.

आणि धाकटी? धाकटीने तोंडात मिठाची गुळणी धरली. आई तिचा जीव की प्राण होती. आईला खोटं ठरवण्यापेक्षा ती स्वतः मेली असती. मग ती मनाला सांगू लागली, आपण लांब होतो, ते घड्याळच होतं कशावरून? मामा तिकडेच वारला. वडील गेले, आई गेली. कुलूप केव्हाच निघालं. वहिनीची हाक तेवढी राहिली.

त्या रविवारनंतर आठवडाभर धाकटीचं चित्त ठिकाणावर नव्हतं. वाफेतून ती पुस्तकातल्या गावाला गेली की तिथे हटकून ती खोल्या झाडणारी पोरगी उभी असायची, हातात केरसुणी, कुणीतरी काहीतरी बोलेल म्हणून वाट बघत. बागेतल्या माणसांचा चहा गार होत होता. धाकटीने एका कोटाच्या खिशातल्या वस्तू दुसऱ्याच्या नंबराच्या पाकिटात घातल्या, एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. काकांनी त्या बदलल्या.

शनिवारी कामावरून ती वाचनालयात गेली आणि पोस्टमास्तर असलेलं ते पुस्तक पुन्हा घेतलं. तिचं सगळ्यात लाडकं. बाहेरच्या बाकावर बसून तिने शेवटचं प्रकरण काढलं आणि वाचलं. खुनी पोस्टमास्तरच होता. तिला वाटलं होतं, वाचताच आपल्याला त्याची किळस येईल. तसं काही झालं नाही. त्याने केलं ते वाईट होतं, त्याच्यामुळे दुसऱ्याला भोगावं लागलं तेही वाईट होतं, आणि तरी पहाटे पत्रं लावताना शीळ घालणारा तो माणूस तिला आवडतच राहिला. असं होऊ शकतं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. समोरची झाडं, उतरतं ऊन, रस्त्यावरची माणसं, सगळं तिला पाण्यातून बघावं तसं दिसत होतं. बऱ्याच वेळाने लक्षात आलं की आपण रडतो आहोत.

घरी आली तेव्हा वहिनी खिडकीशी होती आणि दादा समोर बसून एका वजनकाट्याचं तबक पुसत होता. धाकटीने चपला काढल्या आणि उभ्याउभ्याच सांगितलं. बस थांबा, रुमाल, मामाची मूठ. "आईने दिलं होतं ते घड्याळ. मी बघितलं होतं."

दादाच्या हातातलं फडकं थांबलं. वहिनीने विचारलं, "कधी बघितलंस?"

"मामा निघाला त्याच दिवशी."

"म्हणजे मी पलंगाखाली शिरले होते तेव्हा तुला ठाऊक होतं?"

"तेव्हा मी दारात उभी होते."

वहिनी तिच्याकडे बघत राहिली. धाकटीला वरच्या खोलीत पळून जावंसं वाटलं, जिना चार पावलांवर होता. ती हलली नाही. "मला माफ कर असं मी म्हणणार नाही, वहिनी," ती म्हणाली. "तेवढं तोंड नाही मला."

"बस खाली," वहिनी म्हणाली. "तुझ्याशी मी नंतर बोलेन. खूप बोलेन."

मग ती दादाकडे वळली. तबक मांडीवर ठेवून तो खाली बघत होता. आपल्या मते तो समजूत काढायलाच बोलला. "जाऊ दे ना आता. मी तुला कधी एका शब्दाने तरी विचारलं का? इतक्या वर्षांत एकदा तरी?"

जरा वेळाने दादालाच आपण काय बोललो ते कळलं असावं, कारण त्याचा चेहरा उतरला.

"तुम्हालाही वाटत होतं," वहिनी अगदी हळू म्हणाली. "तुम्ही मला क्षमा करून टाकली होतीत."

"मला वाटलं, नवी आहे, लहान आहे, झाली असेल चूक. मी कधी मनात धरलं नाही गं."

"चोवीस वर्षं मी 'नाही' म्हणायला तयार बसले होते. आईंनी विचारावं, बाबांनी विचारावं, तुम्ही तरी विचारावं. न विचारता कशी म्हणू? न विचारता म्हटलं असतं तर आत्या परत तेच म्हणाल्या असत्या."

दादाने तबक बाजूला ठेवलं. तो उठून तिच्या खुर्चीपाशी आला आणि प्लॅस्टरच्या पायाजवळ जमिनीवर बसला. पन्नाशीचा गडी, काही सुचत नव्हतं त्याला. धाकटीला त्याची दया आली, वहिनीची आली आणि आईचीही आली.

"घड्याळ तू घेतलं होतंस?" दादाने विचारलं.

"नाही," वहिनी म्हणाली, आणि मग ती रडली.