मामाच्या मांडीवर

काल शेजारच्या सुमाताईंच्या नातवाचं जावळ काढलं. रिवाजाप्रमाणे बाळाला मामाच्या मांडीवर बसवलं होतं. मामा मात्र बाळापेक्षा जास्त घाबरलेला. कात्री कानाजवळ येताच बाळाने भोकाड पसरलं, "मा...मा...मा!"

"बघा, मला हाक मारली!" मामा हरखला.

"तुला कसली? मला बोलावतोय तो," समोर बसलेली त्याची बहीण, बाळाची आई म्हणाली.

मला हसू आलं. नोकरीनिमित्त काही वर्षं मी केनियात होते. तिथे मामा म्हणजे आई. बाजारातल्या भाजीवालीला मामा म्हणताना सुरुवातीला माझी जीभ अडखळायची. जॉर्जियात तर म्हणे मामा म्हणजे चक्क वडील! या भाषांचं एकमेकींशी काही नातं नाही. बाळाचे ओठ मिटतात आणि उघडतात, एवढंच म्हणे या शब्दाचं मूळ. जगभरची बाळं तोच आवाज काढतात आणि मोठी माणसं तो आपापल्या नावावर करून घेतात. मला हा लबाडपणा फार आवडतो.

तिकडे रडणं चालूच होतं. प्रत्येक "मामा"ला तो मामा न कंटाळता म्हणत होता, "ओ राजा, ओ!"

शेवटी बाळ थांबलं. मान वळवून त्याने त्या 'ओ' देणाऱ्या तोंडाकडे नीट पाहिलं. मग मामाच्याच शर्टाला नाक पुसत, अगदी हळू, पुन्हा म्हणालं, "मामा."

या वेळी त्याच्या आईनेही हक्क सांगितला नाही.