लेकीचं धरणं

माझी आजी, म्हणजे आईची आई, लग्न झाल्यावर थोड्याच दिवसांत परदेशी कापडाच्या दुकानासमोर पिकेटिंगला बसली होती. गिऱ्हाईक आलं की हात जोडायचे आणि हे कापड घेऊ नका, एवढंच म्हणायचं. शिवीगाळ नाही, धक्काबुक्की नाही. कुणी अंगावर पाणी ओतलं तरी जागचं हलायचं नाही. शेवटी पोलिसांनी तिला उचलून तुरुंगात नेलं. सिंगापूरमधल्या बेडोकच्या आमच्या कॉन्डोत ही गोष्ट मी लेकीला कितीदा सांगितली असेल. सांगताना मला स्वतःचाच अभिमान वाटायचा.

गेल्या मार्चच्या सुट्टीत आई पुण्याहून आली होती. लेक खाली पूलमध्ये पोहत होती आणि आमच्याकडे राहून घर सांभाळणारी म्यानमारची आंटी टॉवेल घेऊन काठावरच्या खुर्चीत बसली होती. कॉन्डोच्या कमिटीवरच्या एक बाई आल्या आणि त्यांनी तिला उठवलं. खुर्च्या रहिवाशांसाठी आहेत, कामाला असणाऱ्यांनी उभं राहावं, असा नियम आहे म्हणाल्या. लेकीने घरी येऊन मला हे सांगितलं तेव्हा मी म्हटलं, बोलते मी त्यांच्याशी. बोलले नाही. आमचा पीआरचा, म्हणजे इथे कायमचं राहण्याच्या परवान्याचा, अर्ज गेलेला होता. कशातही आपलं नाव यायला नको, असं मी मनाशी धरून बसले होते.

दोन-तीन दिवसांनी मी हार्बरफ्रंटला ऑफिसात असताना कॉन्डोच्या ग्रुपवर एक फोटो आला. लेक खुर्च्यांपुढे फरशीवर मांडी घालून बसली होती, हात जोडून. खाली कुणीतरी विचारलं होतं, ही कुणाची मुलगी?

मी टॅक्सी करून घरी आले. आई लेकीच्या मागे पायरीवर बसली होती. आंटी बाजूला उभी राहून उठण्यासाठी लेकीच्या विनवण्या करत होती. येणाऱ्या प्रत्येकाला लेक हळू आवाजात सांगत होती, "प्लीज डोन्ट सिट. आंटी कान्ट सिट."

"ऊठ," मी म्हटलं. "इथे असलं चालत नाही."

"पणजी उठली नव्हती, मम्मा."

मी दंडाला धरून तिला उभं केलं. तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण कमिटीच्या बाई तिथेच होत्या. मी लेकीला त्यांची माफी मागायला लावली. तिने मागितली. मग कुणी सांगितलेलं नसताना आंटीनेही मागितली. माझी मान खाली गेली ती अजून नीट वर झालेली नाही.

घरी येऊन आईने चहा केला. चहा संपल्यावर म्हणाली, "पोलीस नंतर आले. पहिल्या दिवशी माझ्या आईला तिच्या सासऱ्यांनी ओढून घरी नेलं होतं. सरकारी नोकरी होती ना त्यांची. दुकानदाराची माफीसुद्धा मागायला लावली."

"मग?"

"मग काय, दुसऱ्या दिवशी ती परत जाऊन बसली."

हे तिने मला कधीच सांगितलं नव्हतं. घरच्यांची अशी गोष्ट कोण सांगतं, म्हणाली. इतकी वर्षं मी मनातल्या मनात आजीच्या शेजारी जाऊन बसत आले होते. ती जागा माझी नव्हतीच.

मी लेकीला म्हटलं, माझं चुकलं. ती ओके म्हणाली. आंटीला म्हटलं, मी कमिटीला लिहिते. ती घाबरलीच. नको मॅडम, म्हणाली, उभं राहायला मला काही नाही, तक्रार झाली तर माझा इथे काम करण्याचा पास जाईल. मी लिहिलं नाही. तिने नको म्हटलं म्हणून, असं स्वतःला सांगते.

दुसऱ्या दिवशी लेक पुन्हा जाऊन बसेल, या भीतीने मी ऑफिसातून सारखी ग्रुप पाहत होते. खरं तर ती बसावी, असंही कुठेतरी वाटत होतं. ती गेली नाही. त्यानंतर ती पोहायलाही गेली नाही. एकदा आईने कारण विचारलं, तर टीव्हीवरची नजर न काढता इथल्या मुलांसारखा 'लाह' लावून म्हणाली, "डोन्ट फील लाइक, लाह."