रिपोर्ट नॉर्मल आला, पथ्य सुटलं नाही

मंडळी, आज दुपारी शहागंजातल्या लॅबमधून रिपोर्ट आणला. मला सीलिॲक आहे, म्हणजे गव्हानं माझ्या आतड्यांना इजा होते. म्हणून अधूनमधून रक्त तपासावं लागतं. या वेळी पहिल्यांदाच सगळं नॉर्मल आलं!

मी तो कागद परत परत वाचत होते, तेवढ्यात सोबतच्या आत्यानं लासूर स्टेशनला फोन लावलासुद्धा. तिथली मंडळी रविवारी मला बघायला येणार आहेत. "ताई, पोरगी ठणठणीत झाली बघा. ते गव्हाचं पथ्य सुटलं आता."

मी तिच्या हातातून फोन घेतला. "काकू, पथ्य सुटलेलं नाय. ते जन्मभराचं आहे. गहू बंद ठेवलाय म्हणूनच रिपोर्ट चांगला आलाय. माझा तवासुद्धा वेगळा असतो."

पलीकडून काकू म्हणाल्या, "घरात बोलून कळवतो."

"कळवा. आलात तर जेवायला भाकरी असंल. मीच थापणार."

आत्या लई भडकली. "एवढं सगळं आत्ताच सांगायचं व्हय? लग्न झाल्यावर हळूहळू सांगितलं असतं!"

म्हणजे तोवर रोज पोळी खाऊन मी आतड्यांची वाट लावून घ्यायची? किती लग्नांतून उपाशी परत आलेय, किती टोमणे ऐकलेत, तेव्हा कुठं हा रिपोर्ट मिळालाय. कुणाच्या पसंतीसाठी तो मी बिघडवणार नाही.

तुम्हालाही कुणी "नंतर सांगू" म्हणून गप्प बसवलंय का? इथं लिहा, बिनधास्त.

रविवारी कुणी येवो न येवो, माझी भाकरी गरम असणार आहे.