आत्याने लाल्याला कोंडलं

आमची आत्या पडदे शिवते. नवऱ्याचं घर सोडून ती आमच्याकडे आली त्याला अकरा वर्षं झाली. तेव्हापासून स्वयंपाकघरामागच्या खोलीत तिची गादी, तिचं मशीन आणि तोंडाला कुलूप. हॉलमध्ये तिचं म्हणून एकच होतं: स्वतःच्या कमाईने घेतलेली खाऱ्या पाण्याची टाकी. खाली प्रवाळ, वर एकटाच मिरवणारा लाल्या.

लाल्या म्हणजे रॅस जातीचा मासा. बोटाएवढा जीव, पण तोरा बघत राहावा असा. आत्याला त्याच्या सोबतीला आणखी दोन रॅस हवे होते. अ‍ॅक्वेरियमवाल्याने तिला वेड्यातच काढलं. जुना नर नव्यांना जगू देत नाही म्हणाला. बाबांना निमित्तच हवं होतं, कारण टाकीच्या जागी त्यांना मोठा टीव्ही लावायचा होता. एक जरी मासा मेला तरी टाकी घराबाहेर, असं त्यांनी जेवताना सगळ्यांदेखत सांगून टाकलं. आत्या नुसतं 'बरं' म्हणाली. मला तिचाच राग आला.

तिने दोन पिवळे रॅस आणले आणि सगळे करतात तेच केलं. त्यांना भोकाभोकांच्या पारदर्शक पेटीत घालून पेटी टाकीत सोडली, लाल्याला सवय व्हावी म्हणून. सवय कसली डोंबलाची! लाल्या आठवडाभर पेटीला धडका देत होता. पिवळे बाहेर आल्याबरोबर त्याने एकाचं शेपूट फाडलं. दुसरा जिवाच्या आकांताने पाण्याबाहेर उसळला. आत्याने पडद्याच्या जाळीचं झाकण शिवून वर ताणलं होतं म्हणून वाचला. बाबा टेप घेऊन भिंत मोजायला लागले.

आत्या उठली, बाह्या सरसावल्या आणि लाल्यालाच पकडून पेटीत टाकलं.

"अगं, घर त्याचं आहे," बाबा म्हणाले.

"म्हणूनच," आत्या म्हणाली.

आठ दिवस लाल्या आतून बघत राहिला. बाहेर पिवळ्यांनी त्याची कपार घेतली, त्याच्या डोळ्यांदेखत पोटभर खाल्लं. फाटलेलं शेपूटही भरून येऊ लागलं. नवव्या दिवशी आत्याने पेटी उघडली तेव्हा आम्ही सगळे काचेला नाक लावून उभे. लाल्या बाहेर आला, दोनदा पंख फुलवून बघितले, पण पिवळ्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. मग मुकाट्याने दुसरी कपार शोधायला गेला.

बाबांनी टेप खिशात घातली, पण हट्ट सोडला नाही. मासे राहू देत, टीव्ही मात्र येणार म्हणजे येणार. टाकी मागच्या खोलीत ने म्हणाले.

अकरा वर्षांत पहिल्यांदा आत्याचा आवाज चढला. "दादा, टाकी इथून हलणार नाही. आणि आजपासून मीही इथेच शिवणार. त्या खोलीत आठ दिवस तू राहून बघ, मग बोल."

बाबा काही म्हणायच्या आत मी मागच्या खोलीत गेले, मशीनचं एक टोक धरलं. दुसरं आईने आधीच धरलं होतं.