बदलीवर दिलेली तारीख

रुआबांधा वस्तीतल्या शालिकराम कटरेने तेहतीस वर्षं कारखान्यात क्रेन चालवली. खाली लाल झालेलं लोखंड, वर केबिनमध्ये तो, आणि मधल्या सगळ्या उंचीला आधार म्हणून फक्त त्याची नजर. त्या नजरेत, डाव्या डोळ्यात, मोतीबिंदू उतरला. महिनाअखेर कारखान्याची डोळेतपासणी होती. त्याआधी ऑपरेशन झालं नाही तर क्रेन सुटणार होती. क्रेन सुटलेला शालिकराम कसा दिसेल, हे त्याला स्वतःलाही ठाऊक नव्हतं.

दवाखान्याने गुरुवारची तारीख दिली आणि सोबत एक कागद. सर्दी, खोकला, ताप असल्यास येऊ नये, आदल्या दिवशी फोन करून तारीख रद्द करावी. ऑपरेशनसाठी त्याने लांब सुटी घेतली होती. मंगळवारी त्याला खोकला सुरू झाला. रद्द केली तर नवी तारीख पुढच्या महिन्यात.

पण कारखान्यात ड्यूटी रद्द करतं कोण? ती आपसात बदलतात. तू माझी नाइट कर, मी तुझी फर्स्ट शिफ्ट करतो. खुर्ची रिकामी राहू नये, एवढंच बघायचं. त्याच्याच शिफ्टमधल्या देवानंदलाही मोतीबिंदू होता, तोही डावा, आणि त्याची तारीख पुढच्या गुरुवारची होती.

"तू माझ्या तारखेवर जा, मी तुझ्यावर जातो," शालिकराम म्हणाला.

"चालते भाऊ. पण कागदावर नाव तुमचं आहे नं?"

"हाजिरी माझ्या नावाची, काम तुझं. आजवर कुठं अडलं का?"

गुरुवारी सकाळी त्याच्या बायकोने, जयाने, हे ऐकलं आणि हातातली कपबशी खाली ठेवली.

"अहो, मशीनवर तुमच्या डोळ्याचं माप घेतलं होतं. त्या मापाचं भिंग मागवलं हाये. ते त्याच्या डोळ्यात बसवून राहिले असतीन."

शालिकरामने लगेच फोन लावले. देवानंदचा फोन बंद. दवाखान्याचा फोन सारखा व्यस्त. जयाने स्कूटी काढली. मागे बसून तो मास्कमध्ये खोकत राहिला. फाटकावरच्या गार्डने त्याला आत सोडलं नाही. जया एकटीच धावत गेली.

तो फुटपाथवर बसला. काचेचं दार उघडायचं, मिटायचं. दर वेळी त्याला वाटायचं, आता कोणी येऊन सांगेल, उशीर झाला.

शेवटी देवानंद बाहेर आला, डोक्यावर हिरवी टोपी, डोळ्यात थेंब घातलेले. मागे जया आणि सोनल सिस्टर. दवाखान्यात सगळे हिंदी बोलत, पण ही सिस्टर जवळच्या मरोद्याची, घरी मराठीच बोलणारी.

"शालिकराम कटरे का, विचारलं तर हो म्हणाले," सिस्टर दुरूनच म्हणाली. "जन्मतारीख विचारली तर म्हणे, आईले विचारा. म्हणून थांबवलं. काका, एक फोन केला असता तर आज तिसऱ्या कोणाला तरी बोलावलं असतं."

देवानंद म्हणाला, "मले कावून पाठवलं भाऊ? एकच डोळा धड हाये माझा."



देवानंदची तारीख तशीच राहिली. शालिकरामचं नाव प्रतीक्षायादीत गेलं. कोणी रद्द केली तर बोलावू, पण त्याआधी सात दिवस खोकला नसावा. मग तो फोन उशाशी घेऊन झोपू लागला, न्हाणीतही नेऊ लागला. खोकला थांबल्यापासूनचा एकेक दिवस मोजत राहिला. सहा दिवस बिनखोकल्याचे गेले. सातव्या रात्री छातीतून दोनदा खोकला आला. उशीत तोंड दाबून त्याने तो गिळायचा प्रयत्न केला. जया जागी होती.

सकाळी फोन वाजला. "काका, उद्याची जागा रिकामी झाली. खोकला?"

जया दारात उभी होती. शालिकरामने डोळे मिटले, आणि त्याला देवानंदची हिरवी टोपी दिसली.

"काल रात्री आला होता. दोनदा."

"मग नको काका. पुढच्या महिन्यातलीच देते."

"द्या," तो म्हणाला. "अन् ही जागा लवकर कोणाले तरी सांगा."

फोन ठेवून तो खाटेवर टेकला. मग जयाला म्हणाला, "सुटी संपली की साहेबाले सांगतो. डोळ्याचं ऑपरेशन होईपर्यंत मले क्रेनवर चढवू नका, खालीच ठेवा म्हणून."

"संपल्यावर कावून?" जया म्हणाली. "फोन हातातच हाये."

त्याने साहेबांचा नंबर लावला.