साडेसातचा रिपोर्ट

देवाला शिस्तीत कामाला लावणारं माणूस मी जन्मात एकच पाहिलं, आणि ते आमच्या गल्लीत, पिठाच्या गिरणीच्या भिंतीला भिंत लावून राहतं. सगळी गल्ली त्यांना सिस्टर म्हणते. मिशनच्या दवाखान्यात आयुष्यभर नर्सिंग करून त्या निवृत्त झाल्या, पण निवृत्त झाल्या त्या फक्त पगारातून. ड्यूटी काही सुटली नाही. संध्याकाळी साडेसातला, गिरणीचा पट्टा थांबला की, सिस्टर पांढरं पातळ नेसून आणि छातीला घड्याळ टाचून खिडकीशी ताठ उभ्या राहायच्या आणि देवाला रात्रपाळीचा चार्ज द्यायच्या. यालाच त्या प्रार्थना म्हणत. दिवसभर गल्ली त्यांनी सांभाळली, रात्रभर ती देवानं सांभाळायची, इतका सरळ मामला. विनवण्या नाहीत, उसासे नाहीत. हातात एक रेघी वही आणि आवाज असा की पलीकडच्या चौकातला रिक्षावालासुद्धा मान वळवून बघे. "बापा, गिरणीवाल्याची आई. वय ऐंशी. कालपासनं पोटात काय न्हाय. झोप बरी हाय. तेवढं बघ." की लगेच पुढचा पेशंट.

या मोठ्या आवाजानं एकदा घोटाळा केला. गल्लीच्या तोंडाशी किराणा दुकान चालवणाऱ्या अण्णांनी सिस्टरांना विश्वासात घेऊन सांगितलं होतं, की साखर वाढलीय आणि तरी पोत्यांच्या आड उभं राहून पेढे खाल्ल्याशिवाय राहवत नाही. संध्याकाळी हा मजकूर देवाआधी अण्णांच्या बायकोनं, गॅलरीत उभं राहून, पेढ्यांच्या संख्येसकट ऐकला. दुसऱ्या दिवशी अण्णा पडेल चेहऱ्यानं आले आणि प्रार्थना जरा मनातल्या मनात करता येणार नाही का, असं त्यांनी विचारलं. सिस्टरांनी त्यांना खुर्चीत बसवून, तोंडातल्या तोंडात रिपोर्ट दिल्यामुळे कुठल्या पेशंटला कुठलं भलतंच औषध गेलं याची अशी काही हकिगत ऐकवली, की अण्णा लिंबूपाणीसुद्धा बिनसाखरेचं पिऊन गेले. पुढे त्यांची साखर खरंच उतरली. देवानं बघितलं की बायकोनं, ते मला ठाऊक नाही.

सिस्टरांचं शास्त्र, म्हणजे त्यांचं बायबल, हीसुद्धा बघण्यासारखी चीज आहे. इतकी वर्षं पेशंटांच्या उशाशी-पायथ्याशी फिरून त्याची बांधणी सुटली, तेव्हा त्यांनी ते बाइंडरकडे न देता गॉजपट्टी गुंडाळून स्वतःच बरं केलं. आत समासभर पेन्सिलीच्या बारीक नोंदी आहेत. ज्या पेशंटजवळ बसून जे वचन वाचलं, त्या वचनाशेजारी त्याचा खाट नंबर आणि आजार. 'खाट ११, विषमज्वर.' 'खाट ४, पहिलटकरीण, फार भ्याली.' एकेका स्तोत्राच्या अंगावर तर चार चार वॉर्ड भरतील एवढी माणसं आहेत. मला वाटायचं, लोक शास्त्र वाचतात, आणि सिस्टरांनी त्याची केसपेपरांची फाइल केलीय.

पंचगंगेचं पाणी गल्लीत शिरलं त्या साली तालमीतले गडी होडी घेऊन सिस्टरांच्या जिन्याशी आले. पाणी चौथ्या पायरीवर होतं आणि घड्याळात सात पंचवीस झाले होते. चार्ज न देता वॉर्ड सोडता येत नाही, असं सिस्टरांनी वरून कळवलं. गड्यांनी हाका मारल्या, मी नावेतून हात जोडले, उपयोग शून्य. साडेसातला सिस्टरांनी घर नंबर एकपासून सुरुवात केली. कोणाला कुठल्या शाळेत हलवलंय, कोणाच्या गोळ्या घरातच राहिल्यात, शिंपीचाचांच्या नातीला ताप आहे, सगळं सांगितलं. सांगून होईतो पाणी पाचव्या पायरीला लागलं होतं. मग शास्त्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्या नावेत उतरल्या आणि वल्हं नीट धरलं नाही म्हणून गड्यांनाच रागावल्या. ते आडदांड गडी शाळेपर्यंत त्या सांगतील तसं वल्हवत गेले.

मी स्वतः देवाधर्मात कोरडा माणूस. शिरोली एमआयडीसीत फौंड्रीची भट्टी सांभाळतो. तिथं लोखंड प्रार्थनेनं वितळत नाही. पण माझ्या बायकोला डेंग्यू झाला, पेशी रोज उतरत चालल्या आणि डॉक्टर माझ्याशी बोलताना दुसरीकडे बघायला लागले, तेव्हा मी सिस्टरांचं दार ठोठावलं. सिस्टर दवाखान्यात आल्या, बायकोच्या उशाशी बसून एक स्तोत्र वाचलं, समासात खाट नंबर लिहिला आणि रिपोर्ट देऊन मला दंडाला धरून दारापर्यंत आणलं. म्हणाल्या, "चार्ज दिला की वॉर्डात घुटमळायचं न्हाय. आता पाळी त्येची हाय. तू घरी जा, दोन घास खा अन् झोप." मी घरी गेलो, पिठलंभात खाल्ला आणि चक्क झोपलो. देवावर माझा विश्वास बसला असं नाही; सिस्टरांवर बसला. बायको बरी झाली. पण त्याच महिन्यात गिरणीवाल्याची आई गेली. मी नको तिथं तोंड उघडून विचारलं, की तिचा रिपोर्ट वर पोचला नाही का. सिस्टर रागावल्या नाहीत. "रिपोर्ट देणं माझं काम," एवढंच म्हणाल्या. "पेशंट त्येचाच हुता की." आणि त्या संध्याकाळी वहीत म्हातारीच्या जागी त्यांनी गिरणीवाल्याचं नाव लिहिलं.

गेल्या वर्षी सिस्टरांच्या गळ्यात गाठ निघाली. गाठ काढावीच लागेल, पण आवाज जाऊ शकतो, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. गल्ली हबकली. सिस्टर मात्र पाच दिवस रोज शास्त्र घेऊन बसल्या, समासातली माणसं एकेक करून वाचत गेल्या आणि सहाव्या दिवशी पिशवी भरून दवाखान्यात गेल्या. ऑपरेशन झालं. संध्याकाळी मी भेटायला गेलो तर त्या गळ्याला पट्टी बांधून उशीला टेकून बसल्या होत्या आणि छातीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवत होत्या. साडेसात. तोंडातून नुसती हवा येत होती. त्यांनी वही माझ्या हातात दिली.

गल्लीतली सगळी नावं मी कशीबशी वाचली. शेवटी वहीत एक नाव नव्हतं, ते मी आपल्या मनानं घातलं. "बापा," मी म्हणालो, आणि हा शब्द माझ्या तोंडून जन्मात पहिल्यांदा गेला, "सिस्टर. गळ्याचं ऑपरेशन." सिस्टरांनी खाटेच्या लोखंडी दांडीवर चमचा आपटला. मोठ्यानं, असा त्याचा अर्थ. मी ओरडून म्हणालो, "आवाज न्हाय. तेवढं बघ." वॉर्डातले पेशंट हसले, आणि मी भिंतीकडे तोंड करून डोळे पुसले. सिस्टरांनी दाराकडे बोट दाखवलं.

गाठ साधी निघाली. आवाज मात्र आला नाही. कुजबुज तेवढी उरलीय, आणि ती अगदी जवळ कान नेला तरच कळते. पण रिपोर्ट एक दिवसही चुकलेला नाही. फौंड्रीतून सुटलो की मी अंगाला काजळी असेल तसा त्या खिडकीशी उभा राहतो. सिस्टर पांढरं पातळ नेसून शेजारी उभ्या असतात आणि कुठं आवाज पडला की चमचा वाजवतात. अण्णा दुकानातून कान देऊन असतात. शेवटची नोंद मी रोज माझ्या हातानं लिहितो: सिस्टर, आवाज. दुसऱ्या दिवशी वही हातात येते तेव्हा ती ओळ पेन्सिलीनं खोडलेली असते, कारण नर्सनं स्वतःला पेशंटांत धरायचं नसतं. मी तिच्याखाली ती पुन्हा लिहितो आणि मोठ्यानं वाचतो. मग त्या आत जातात, दिवा मालवतात आणि शांत झोपतात. मला मात्र इतक्या महिन्यांत त्यांचा तो एक नियम जमलेला नाही. चार्ज देऊन झाला तरी मी त्यांच्या पायरीवर थोडा वेळ घुटमळतोच.