ढगाला भिणाऱ्या मॅडम

२०१९ साल. मी सत्तरीला टेकलो होतो, आणि ढगाला इतकं भिणारं माणूस तेव्हा पहिल्यांदा बघितलं. वसुधा मॅडम. शहरात कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायच्या. करमाडच्या अलीकडं त्यांची पडीक जमीन होती, तिथं मी मेंढरं चारायचो. रविवारी त्या यायच्या, बोलत बसायच्या. जालन्याच्या बाजूला ढग गडगडला की हातातला चहा तसाच ठेवून मोटारीत शिरायच्या आणि काचा लावून घ्यायच्या.

"मॅडम, शिकून माणूस भित्रं होतं व्हय?"

"ओळख झाली की भीती वाढते, बाबा. वर ढग, खाली जमीन, मधे विजेचा ताण. तो वाढला की हवा फाटते. त्या फाटलेल्या, तापलेल्या हवेला प्लाझ्मा म्हणतात. वीज खाली येते ती त्याच वाटेनं."

त्यांचं कागदावरचं काम याहून भयंकर. ताण अफाट वाढवला, तर जिथं हवासुद्धा नाही तिथूनही कणांची जोडी निघते म्हणे. एवढा ताण अजून कुणाला करता आलेला नाही. त्या नुसतं गणित मांडायच्या.

"रिकाम्यातून कोकरू निघत नाय," मी म्हणालो. "मेंढी लागती."

"ताण हीच मेंढी."

"मग वाळत असंल ती."

"वाळते. दर जोडीमागं थोडी. किती, तेच मी काढते."

वैशाखात एका दुपारी आभाळ एकदम काळं झालं. मी मेंढरं बाभळीखाली दाटीनं उभी केली. वादळात कळप जवळ घ्यायचा, हे आमच्याकडं बापजाद्यांपासून. मॅडम मोटारीतून ओरडल्या, "झाडाखाली नको. पांगवा त्यांना."

"मेंढरं मी राखतो. तुम्ही कागद राखा."

मग माझ्या हातावरचे केस उभे राहिले. मेंढरं ओरडायची थांबली. मोटारीचं दार उघडलं, आणि मॅडम ओढणी फडकावत कळपात घुसल्या. रडत होत्या, मेंढरं ढकलत होत्या. मला दंडाला धरून लांब ओढत नेलं. "उकिडवे बसा. पाय जुळवा. आडवं पडू नका."

सगळं पांढरं झालं. दिसायला लागलं तेव्हा बाभूळ उभी चिरलेली होती आणि बुंध्याशी राहिलेली एक मेंढी पाय ताठ करून पडली होती.

मोटारीत आम्ही दोघं काचा लावून बसलो. त्या प्रत्येक काच पुन्हा पुन्हा तपासत होत्या.

"एवढं भेता, तर बाहेर का आलात?"

"ते विचारू नका, बाबा. आठवलं की परत भीती वाटते."

पुन्हा त्या रानात त्या आल्या नाहीत. जमीन विकली, नोकरी घेऊन लांब गेल्या.

त्या वादळाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आभाळ नितळ होतं. तरी मी सारखा वर बघत होतो, मेंढरं सोडली नाहीत.

"काय झालं, मामा?" सुनेनं विचारलं.

गुडघा दुखतोय, म्हणालो.